ज्याचा आवाजच ऐकू येत नाही त्याच्यावर रेडिओ कार्यक्रम कसा करायचा?

तिसरी_घंटा
मंडळी, मदत हवीय. एका छोट्या इंटरनेट रेडिओवर मला आठवड्याला एक तास मिळालाय, पाश्चात्य अभिजात संगीताचा. मानधन वगैरे काही नाही, सगळा हौसेचा मामला. दर भागात एक रचनाकार आणि एक कंडक्टर (वाद्यवृंदापुढे उभा राहून काठीने इशारे देणारा) अशी जोडी घ्यायची असं मीच उत्साहाच्या भरात ठरवलं आणि आता स्वतःच खणलेल्या खड्ड्यात उभी आहे.

रचनाकाराचं ठीक आहे हो. त्याने लिहिलेलं वाजतं, त्याच्या कर्जाच्या, आजारपणाच्या, प्रेमभंगाच्या गोष्टी असतात, काहीतरी सांगता येतं. पण कंडक्टर? स्टेजवर सगळ्यात जास्त हालचाल त्याची आणि आवाज शून्य. व्हिडिओत निदान केस उडताना दिसतात. रेडिओवर मी काय सांगू, "आता त्यांनी डावा हात वर केला"? मागच्या भागात मी एका कंडक्टरचा जन्म, शिक्षण, कुठल्या वाद्यवृंदात किती वर्षं, मिळालेले मानसन्मान असं सगळं नीट वाचून दाखवलं. बहिणीने पूर्ण ऐकला आणि एवढंच विचारलं, "कोण वारलं?"

तर किती बोलावं, काय बोलावं, आणि हा न वाजणारा माणूस ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचवायचा कसा? तीन भाग झालेत, चौथा अडलाय.

उगाच_एक
मी पैला.
शीर्षक वाचून वाटलं घरातल्या नवऱ्यांबद्दल धागा आहे.

कोपऱ्यातला_चेलो
@उगाच_एक, झालं सुरू.

तिसरी_घंटा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फार सोपं आहे, कंडक्टरबद्दल बोलूच नका, तोच तुकडा दोनदा वाजवा. एल्गार नावाच्या रचनाकाराच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मधलं 'निमरॉड' घ्या. खुद्द एल्गारने १९२६ साली ध्वनिमुद्रित केलं तेव्हा ते तीन मिनिटांच्या आत संपलं. लेनर्ड बर्नस्टाइनने १९८२ मध्ये बीबीसी सिम्फनीबरोबर केलं त्याला सहा मिनिटांच्या वर लागली. स्वर तेच, वाद्यं तीच, आणि वेळ दुपटीहून जास्त! एकात माणूस मित्राची आठवण काढत चालत चाललाय, दुसऱ्यात तोच माणूस मित्राच्या थडग्यापाशी उभा आहे. दोन्ही मिळून नऊ-सव्वानऊ मिनिटं जातील, मधे तुम्ही एक वाक्य बोला, "आता हेच पुन्हा ऐका". ऐकणाऱ्याला कंडक्टर म्हणजे काय ते जन्मभर सांगावं लागणार नाही.

रिकामटेकडी
मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण असले कार्यक्रम मी भांडी आवरताना आवडीने ऐकते, म्हणून गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलते. निवेदक जेव्हा "पियानो कन्चेर्टो क्रमांक एकवीस, सी मेजर, के चारशे सदुसष्ट, दुसरी मूव्हमेंट, आंदान्ते" असं म्हणतात ना, तेव्हा मला रेल्वे स्टेशनवर उभं असल्यासारखं वाटतं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर. एवढं सगळं ऐकून माझ्या हाती काहीच लागत नाही. मला एकच गोष्ट सांगा जी मी पुढच्या पाच मिनिटांत कानाने पकडू शकेन. म्हणजे "मधेच बासरी एकटी पडेल, तिकडे लक्ष ठेवा" असलं काही. मग मी नळ बंद करून ऐकते.

कोपऱ्यातला_चेलो
@रिकामटेकडी तो के म्हणजे क्योखेल. त्या गृहस्थाने १८६२ साली मोत्सार्टच्या सगळ्या रचनांची क्रमवार यादी छापली, म्हणून. अगदीच निरुपयोगी नाहीये तो आकडा, कारण मोत्सार्टच्या पियानो कन्चेर्टोंपैकी चार नुसत्या सी मेजरमध्येच आहेत, मग कुठली ते कळायचं कसं?

रिकामटेकडी
कळलं. तरी शेवटी सांगा ना. ज्याला आवडेल तो आकडा लिहून घेईल. न आवडलेल्या गोष्टीचा नंबर आधीच घेऊन मी काय करू.

तिसरी_घंटा
@रिकामटेकडी हे वहीत लिहून घेतलं. खरंच.

फेडर_खाली
बरेच दिवसांनी लॉगिन झालो ते या धाग्यासाठी. मी काही वर्षं रात्रपाळीला निवेदन केलेलं आहे, कुठे ते जाऊदे. तिथे रात्री अकरानंतर एक तास असलं संगीत असायचं आणि ते माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकी कोणाला नको होतं. मला तेव्हा यातलं काही येत नव्हतं. तर माझी फजिती ऐका.

सिबेलियसची पाचवी सिम्फनी. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी, तिचा शेवट म्हणजे सहा आघात आहेत, अख्ख्या वाद्यवृंदाचे, आणि प्रत्येक दोन आघातांच्या मधे चक्क शांतता. लहानसहान नाही, आता संपलं असं छातीठोक वाटावं इतकी. मी टेबलावर माझे कागद जुळवत होतो, घड्याळात सहा मिनिटं बाकी दिसत होती, पहिला आघात झाला, शांतता झाली, मी माइकचा फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करायची पट्टी, वर केला आणि माझ्या खास मखमली आवाजात म्हणालो, "श्रोतेहो, आपण ऐकत होतात..." धडाम!! मी दचकून थांबलो. वाटलं काहीतरी बिघडलं. परत शांतता. मी आपला, "क्षमस्व, आपण ऐक..." धडाम! असं करत करत सिबेलियस आणि मी आळीपाळीने बोलत शेवटपर्यंत गेलो. तिसऱ्या आघातानंतर मला फेडर खाली घ्यायचं सुचायला हवं होतं, पण हात थिजला होता. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, मला वाटलं तू मुद्दाम जुगलबंदी केलीस.

त्या दिवसापासून माझा नियम झाला. रचनेचा पहिला मिनिट ऐकला नाही तरी चालेल, शेवटचा मिनिट घरी ऐकूनच स्टुडिओत जायचं. आणि क्यू शीटवर, म्हणजे काय कधी लावायचं त्या यादीवर, लांबीच्या शेजारी लिहायचं, "शेवट जोरात", "शेवट विरत", "फसवा शेवट". हायडनचं ओपस ३३ मधलं दुसरं, चार तंतुवाद्यांचं चौकडीवादन, ज्याला 'द जोक' म्हणतात, त्यात तर त्याने हे ठरवूनच केलंय. संपलं संपलं वाटतं आणि परत सुरुवातीचा तुकडा येतो, आणि शेवटी खरंच संपतं तेव्हा कोणाचा विश्वास बसत नाही. तो माणूस १७८१ सालीच माझ्यासारख्यांची वाट बघत बसला होता.

माझं हे सदस्यनाम त्यावरूनच आहे.

उगाच_एक
हसून हसून पुरेवाट. "सिबेलियस आणि मी आळीपाळीने".

निशाचर_वाचक
वाचनखूण साठवली. फेडर_खाली, असे अजून किस्से असतील तर वेगळा धागा काढा की राव.

सोल्डरची_वाफ
शांततेवरून आठवलं. जॉन केजची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना माहितीच असेल, १९५२ ची, वादक काहीही वाजवत नाहीत. बीबीसी रेडिओ ३ ने २००४ च्या जानेवारीत ती अख्ख्या सिम्फनी ऑर्केस्ट्रासकट प्रक्षेपित केली तेव्हा त्यांना आपली आपत्कालीन यंत्रणा बंद ठेवावी लागली होती. कारण प्रक्षेपणात ठराविक वेळ आवाज आला नाही की यंत्राला वाटतं स्टुडिओच मेला आणि ते आपणहून राखीव संगीत सुरू करतं. तिसरी_घंटा, तुमच्याकडेही असा सायलेन्स डिटेक्टर असणार, तो किती सेकंदांवर लावलाय ते विचारून ठेवा. विनोद नाही. माहलरसारख्या रचनाकारांच्या काही जागा इतक्या हळू असतात की स्वस्तातल्या सेटिंगला ती शांतताच वाटते.

आणि दुसरं, लेव्हल. रावेलचा 'बोलेरो' स्नेअर ड्रमच्या अगदी दबक्या तालावर सुरू होतो आणि पंधरा-सोळा मिनिटं नुसता चढत जातो, रचनेचा सगळा जीवच त्या चढण्यात आहे. ऐकणारा गाडीत असेल तर त्याला सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो, परत वाढवतो, आणि शेवटी काचा थरथरतात. याच्यावर उपाय म्हणून स्टेशनं कॉम्प्रेसर लावतात, म्हणजे हळू ते वर ओढायचं आणि मोठं ते दाबायचं. तो पॉप गाण्यांच्या सेटिंगवर राहिला तर बोलेरो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीचा होतो. मग तुमचा कंडक्टर गेला ना कामातून! त्याने महिनाभर घासून बसवलेला चढ तुमच्या डब्याने सपाट केला. तुमच्या तासापुरतं ते सेटिंग सैल करून मागा.

तिसरी_घंटा
अय्यो, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे एक पोरगा आहे तो सगळं बघतो, उद्याच पकडते त्याला.

स्पष्टच_सांगतो
मला मुळात या कंडक्टर-पूजेचाच कंटाळा आहे. रचना बेथोव्हनची, वाजवणार शंभर माणसं, आणि कव्हरवर फोटो या काठीवाल्याचा. उद्या आजारी पडला तरी ऑर्केस्ट्रा वाजवेलच की. मॉस्कोत १९२२ पासून दहा वर्षं पेर्सिमफान्स नावाचा वाद्यवृंद कंडक्टरशिवाय वाजवत होता. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून वाजवतोय. काही अडलं का त्यांचं? कार्यक्रम रचनाकारांवरच करा, कंडक्टरला फार तर आभारात घ्या.

कोपऱ्यातला_चेलो
@स्पष्टच_सांगतो, अडलं नाही, पण ते कसं वाजवतात ते बघा. ऑर्फियसमध्ये कंडक्टर नाही म्हणजे कंडक्टरचं काम नाही असं नव्हे, ते काम वादक आपसात वाटून घेतात, चर्चा होते, भांडणं होतात, सराव जास्त लागतो. शिवाय तो लहान वाद्यवृंद आहे.

मी हौशी वादक आहे, चेलो, मागच्या रांगेत. बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात सगळ्यांना माहिती आहे, तो ट-ट-ट-टाऽऽ. पण कागदावर ती स्वराने सुरू होत नाही, विरामाने सुरू होते. आधी एक छोटीशी रिकामी मात्रा आणि मग ते तीन स्वर. म्हणजे कंडक्टरला पहिला ठोका शांततेचा द्यायचाय, आणि त्या एका हाताच्या फेकीतून आम्हाला कळलं पाहिजे की वेग किती, जोर किती, आणि नेमकं कधी. त्यात लगेच चौथ्या स्वरावर थांबा आहे, तो किती धरायचा हे कागदावर लिहिलेलंच नाही. आम्ही पहिल्या सरावाला अकरा वेळा सुरू केलं. अकरा! दर वेळी कोणीतरी आधी घुसायचं, बहुतेक वेळा मी. बाराव्या वेळी आमच्या कंडक्टरबाईंनी काही सांगितलं नाही, नुसता श्वास घेतला, जोरात, नाकाने. सगळे एकदम आले. तेव्हापासून मी काठीकडे बघतच नाही, श्वासाकडे बघतो.

स्पष्टच_सांगतो
बरं, हा मुद्दा मान्य. पण फोटोचा राग आहेच.

तिसरी_घंटा
चेलोदादा, तो श्वास मुद्रणात ऐकू येतो का कधी?

कोपऱ्यातला_चेलो
येतो की. लाइव्ह मुद्रणं हेडफोन लावून ऐका. काही जण चक्क गुणगुणतात, तोस्कानिनीचा आवाज त्याच्या सरावाच्या आणि काही कार्यक्रमांच्या मुद्रणांतही सापडतो. तुमच्या शीर्षकाला तेवढाच छेद.

शुद्धलेखन_पोलीस
कोणी उच्चारांबद्दल बोलेल का? परवा एका कार्यक्रमात "बेर्लियो" ऐकलं आणि अंगावर काटा आला. फ्रेंच म्हटलं की शेवटचं अक्षर गिळायचं एवढंच लोकांनी पाठ केलंय. बेर्लिओझमधला झ उच्चारतात. बुलेझमधलाही. आणि सँ-साँसच्या शेवटचा स सुद्धा. गिळायचा तो शोपाँचा न, तोही पूर्ण नाही, नाकात ठेवायचा.

उगाच_एक
नाकात ठेवून मग काय करायचं त्याचं.

शुद्धलेखन_पोलीस
@उगाच_एक :-|

चेक नावं तर विचारूच नका. त्या द्वोर्झाकमधल्या र आणि झ ला वेगळं करायचं नसतं, दोन्ही एका दमात म्हणायचे असतात. आपल्याकडे देवनागरीत निदान बाखचा ख आहे, अगदी तसाच नसला तरी जवळचा आहे, तरी लोक बाक म्हणतात. असलेलं अक्षर वापरायला काय होतं?

फेडर_खाली
पोलिसांना अनुमोदन, पण एक सांगतो. नवीन असताना मी प्रत्येक नाव त्या त्या देशाच्या माणसासारखं म्हणायला जायचो. साध्या मराठी वाक्याच्या मधे अचानक घसा खरवडून "बाऽख्ख", मग परत मराठी. ऐकणाऱ्याला वाटायचं निवेदकाला ठसका लागला. माझ्या एका सहकारी बाईंनी सांगितलं, बरोबर म्हण पण मिरवू नकोस. माहीत नसलेलं नाव आधी शोधायचं, देवनागरीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचं, आणि तिन्ही वेळा सारखंच म्हणायचं. एकाच भागात द्वोर्झाक, ड्वोरॅक आणि डोराक झाले की तीन माणसं वाटतात.

सायंतारा
तिसरी_घंटा, तुमच्या तीन भागांत कोण कोण झाले? पुढच्या यादीत कोणी बाई आहे का हो? सहज विचारतेय.

तिसरी_घंटा
पकडलंत. हायडन, ब्राह्म्स, चायकोव्हस्की. कंडक्टर सेल, क्लायबर, कारायान. एकही बाई नाही.

सायंतारा
रागवत नाहीये. पण गोष्टीच हव्या असतील तर तिकडे खजिना आहे. फॅनी मेंडेल्सोनची काही गाणी भावाच्या, फेलिक्सच्या नावाने छापली गेली होती. १८४२ मध्ये तो व्हिक्टोरिया राणीला भेटायला गेला, राणीने त्याच्या संग्रहातलं आपलं आवडतं गाणं म्हणून दाखवलं, आणि ते निघालं नेमकं बहिणीचं! बिचाऱ्याला तिथेच कबूल करावं लागलं. ही गोष्ट सांगा आणि ते 'इटालिएन' नावाचं गाणं लावा, तीन मिनिटांचासुद्धा प्रश्न नाही. फ्लोरेन्स प्राइस घ्या, तिची ई मायनर सिम्फनी शिकागो सिम्फनीने १९३३ मध्ये वाजवली, एका मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची ती पहिली वेळ. कंडक्टरमध्ये नादिया बुलांजे, १९३८ मध्ये बोस्टन सिम्फनीपुढे उभी राहिलेली पहिली स्त्री, आणि शिष्यांत कोपलंडपासून पियाझोलापर्यंत रचनाकार. आणि लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवाची शेवटची रात्र बाईने कंडक्ट करायला २०१३ उजाडावं लागलं, मॅरिन ऑलसॉप. २०१३! म्हणजे स्मार्टफोन आधी आला.

निशाचर_वाचक
शेवटचं वाक्य जबरी.

अर्धा_मुर्धा
मला विचारायचं होतं की एका तासात बसतं का हे सगळं? माहलरची तिसरी सिम्फनी शंभर मिनिटांच्या आसपास आहे. तिची पहिली मूव्हमेंटच, म्हणजे पहिला खंडच, अर्ध्या तासाची.

तिसरी_घंटा
तेच तर. हातात पंचावन्न मिनिटं असतात, बाकी स्टेशनच्या घोषणा. मी माहलरला अजून हातच लावला नाही.

खर्डेघाशी
तुकडे पाडा की. एक मूव्हमेंट लावली तर काय बिघडतं, लोकांना चव कळते, ज्याला हवं तो पूर्ण शोधतो.

कोपऱ्यातला_चेलो
सपशेल विरोध. कादंबरीचं एकच प्रकरण वाचून दाखवाल का?

खर्डेघाशी
दाखवतात की, दिवाळी अंकात. आणि तुम्हीच वर निमरॉड एकटं उचलून दोनदा लावा म्हणालात, ते चौदा व्हेरिएशन्समधलं नववं आहे ना? दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या. :-)

कोपऱ्यातला_चेलो
घेतला. आणि गप्प बसतो.

फेडर_खाली
दोघंही बरोबर. बीबीसीने १९४३ मध्ये 'या आठवड्याचा रचनाकार' सुरू केला, तोच पुढे 'कंपोझर ऑफ द वीक' झाला. एक माणूस, पाच दिवस. तुमच्याकडे पाच दिवस नाहीत, मग एका तासात अख्खा माणूस कोंबायचा मोह सोडा. हायडन सव्वीसव्या वर्षी काय करत होता आणि सत्तराव्या वर्षी काय, हे सगळं कशाला? फेअरवेल सिम्फनी घ्या, १७७२ ची. राजेसाहेब उन्हाळी महालातून हलायला तयार नाहीत, वादकांना बायकापोरांकडे जायचंय, तर हायडनने शेवट असा लिहिला की एकेक वादक आपलं वाजवून मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात. तुमच्या रेडिओवर ते उठून जाणं चक्क ऐकू येतं, कारण आवाज पातळ होत जातो. पंचवीसेक मिनिटांत एक नोकरदार माणूस आणि त्याचा साहेब दोघेही कळतात. माझं मत, अर्ध्या तासाची एक रचना पूर्ण, दहा मिनिटांचा तुलनेचा खेळ, एक छोटं काहीतरी, आणि बोलणं सगळं मिळून आठ-नऊ मिनिटं. त्याच्या वर गेलं की आपण स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलोय असं समजायचं. मी पडलो होतो, म्हणून सांगतो.

शुद्धलेखन_पोलीस
आणि कृपया खोट्या गोष्टी सांगू नका. सालिएरीने मोत्सार्टला विष घातलं, ही एकदा तरी येतेच. त्याच सालिएरीकडे मोत्सार्टचा धाकटा मुलगा पुढे शिकायला होता. बेथोव्हन, शुबर्ट, लिस्ट हेही शिकले त्याच्याकडे. आणि 'मूनलाइट सोनाटा' हे नाव बेथोव्हनने दिलेलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला त्यात चांदण्यातलं तळं दिसलं. त्याआधी तुम्ही भावपूर्ण आवाजात "बेथोव्हन चंद्राकडे पाहत बसला होता" म्हणालात की संपलं.

रिकामटेकडी
मग खरी पण चटकदार एखादी सांगा ना.

शुद्धलेखन_पोलीस
लुली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा संगीतकार. तेव्हा हातातली छोटी काठी नव्हती, मोठा सोटा जमिनीवर आपटून ताल देत. १६८७ च्या जानेवारीत राजा आजारातून उठला म्हणून कार्यक्रम होता, त्यात सोटा स्वतःच्याच पायावर बसला, जखम चिघळली, पाय कापायला तो तयार झाला नाही, मार्चमध्ये गेला.

उगाच_एक
म्हणजे एक तरी कंडक्टर असा होता ज्याचा आवाज आला.

सोल्डरची_वाफ
@उगाच_एक __/\__

जाता जाता, रेडिओवरच कार्यक्रम करताय तर रेडिओवर घडलेलेच प्रसंग घ्या की. १४ नोव्हेंबर १९४३, ब्रूनो वॉल्टर फ्लूने आजारी, पंचवीस वर्षांचा बर्नस्टाइन एकही सराव न करता न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढे उभा राहिला आणि कार्यक्रम देशभर रेडिओवरून थेट जात होता, रात्रीत नाव झालं. आणि याच्या अगदी उलटं टोक म्हणजे ४ एप्रिल १९५४, सत्त्याऐंशी वर्षांचा तोस्कानिनी, एनबीसी या अमेरिकन रेडिओचा थेट कार्यक्रम, आयुष्यभर सगळं पाठ करून कंडक्ट केलेला माणूस वाग्नरच्या 'टानहॉयझर'मध्ये मधेच हरवला, काही क्षण त्याला आठवेना. नियंत्रण कक्षातल्या लोकांनी घाबरून प्रक्षेपण तोडलं आणि ब्राह्म्सच्या पहिल्या सिम्फनीची तबकडी लावली. वाद्यवृंद इकडे वाजवतच होता, वादकांनी सावरून घेतलं होतं. त्यानंतर त्याने परत जाहीर कार्यक्रम केलाच नाही.

मला नेहमी ती तबकडी लावणाऱ्या माणसाबद्दल वाटतं. त्याने म्हाताऱ्याची लाज राखली का त्याला उघडं पाडलं?

फेडर_खाली
मी असतो तर मीही लावली असती. हवेत शांतता गेली की निवेदकाच्या पोटात जो गोळा येतो तो विचार करू देत नाही.

अर्धा_मुर्धा
एक कायद्याचं. बेथोव्हनवर कोणाचा हक्क उरलेला नाही, पण त्याच्या मुद्रणावर असतो हं. रचना मोकळी म्हणून कुठलीही सीडी लावली असं करू नका, तुमच्या स्टेशनचा परवाना काय काय धरतो ते बघा.

तिसरी_घंटा
@अर्धा_मुर्धा, बघितलं, स्टेशन वार्षिक भरतं, फक्त पॉडकास्ट म्हणून नंतर ठेवता येत नाही. म्हणजे ज्याने ऐकलं त्याने ऐकलं.

निशाचर_वाचक
धागा वर काढतोय. काय झालं चौथ्या भागाचं?

तिसरी_घंटा
झाला काल रात्री! सांगायलाच आले होते.

जन्म, शिक्षण, मानसन्मान सगळं फाडून टाकलं. सुरुवातीला नमस्कारसुद्धा केला नाही. बेथोव्हनच्या पाचवीची पहिली वीस सेकंदं, तीन वेगवेगळ्या कंडक्टरांची, लागोपाठ, काही न बोलता. मग म्हणाले, "हे तिन्ही एकच आहे. फरक एका माणसाचा आहे आणि तो माणूस काहीच वाजवत नाही." मग चेलोदादांची अकरा वेळा सुरू केल्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता, आणि विरामाबद्दल. बाप-लेक घेतले, एरिख क्लायबरचं १९५३ चं कॉन्सेर्टखेबाऊ वाद्यवृंदाबरोबरचं, आणि कार्लोसचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं. मुलाचं पूर्ण लावलं, वडिलांची फक्त पहिली मूव्हमेंट. बोलणं मोजलं, साडेनऊ मिनिटं, तेवढं माफ करा. शेवटी फॅनीचं गाणं. आणि सिबेलियसच्या पाचवीचा शेवटचा तुकडा, अडीच मिनिटं, खास फेडर_खाली यांच्यासाठी, कुठलं ते न सांगता. सहाही आघातांत तोंडातून शब्द काढला नाही. कॉम्प्रेसरही सैल करून घेतला होता, त्या पोराने कुरकुर केली पण केलं.

बहिणीचा मेसेज आला, "यावेळी सगळे जिवंत होते."

कोपऱ्यातला_चेलो
अरे वा! मी ऐकला. वडिलांचं पूर्ण आणि मुलाचं अर्धं लावायला हवं होतं, पण त्याबद्दल पुन्हा केव्हातरी भांडू.

रिकामटेकडी
मीही ऐकला. नळ चार वेळा बंद केला. पण एक विचारू का, त्या शेवटच्या धाड-धाडच्या मधे मधे एक बारीक कुईंऽऽ असा आवाज येत होता, तो कुठल्या वाद्याचा?

तिसरी_घंटा
कुठे? मी तर ऐकला नाही.

सोल्डरची_वाफ
मी ऐकला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे, मग परत चौथ्यानंतर. ते वाद्य नाही, खुर्ची आहे. तुम्ही बोलला नाहीत हे खरं, पण माइक उघडा होता. शेवटच्या आघातानंतर एक सुस्काराही आहे.

फेडर_खाली
फेडर खाली घ्यायचा असतो हो!!! नाव वाचून तरी.

तिसरी_घंटा
अगंबाई. खुर्ची बदलते.